परदेशगमन आणि पतिपत्नींचा विचार
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त विवाहित मंडळींपुढें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांचें स्मरण करावें असा रिवाज आहे, आणि तें काम आमच्या अगोदरच्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. आम्हांस आज पुढील पिढीविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय असा आहे कीं, तो देवळांत क्वचितच निघतो. पण रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरोघरीं त्याचीच चर्चा चालते. धर्मग्रामाच्या कचेरींत अलीकडे स्नानसंस्काराचे व विवाहाचे दाखले मागावयास तरुण जोडपीं येतात. कशाकरितां म्हणून विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: "फादर, बाहेर जावयाचें आहे."

जाणें चांगलें कीं वाईट, हा वाद आम्ही घालीत नाहीं. कोंकणच्या माणसानें बाहेर जावें कीं नाहीं हें विचारणें म्हणजे समुद्रानें भरतीस यावें कीं नाहीं हें विचारण्यासारखेंच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. जावयाचें ठरल्यास पतिपत्नींनीं तें कसें ठरवावें? अर्ज कोणाच्या नांवानें करावा? दोघांनीं बरोबर निघावें, कीं एकानें पुढें जावें? आणि अर्जांत जें लिहावयाचें तें कितपत खरें असावें?

ह्या जिल्ह्यास परगांवीं जाण्याचा अनुभव नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईस कापडाच्या गिरण्या निघाल्या, तेव्हांपासून येथील पुरुष आगबोटीनें मुंबईस जात आले. गिरणींत अगर गोदींत काम करावें, दहाबारा जणांनीं मिळून एका खोलींत बिऱ्हाड थाटावें, खाणावळींत जेवावें, आणि सणावारास चार दिवस घरीं यावें, असा त्यांचा जन्म गेला. घरची शेती, गुरें, सासूसासरे आणि मुलें हीं सर्व बायकांच्या माथीं. पोस्टमन मनीऑर्डर आणी, बाई पावतीवर अंगठा उठवी, आणि त्या पैशांत पुढची मनीऑर्डर येईपर्यंत घर चालवी. तिच्या कष्टांची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत, पण "हें असें तुला चालेल का?" असें तिला आरंभीं कोणीं विचारलें होतें काय? १९८२ च्या संपानंतर गिरणधंदा बसत गेला, १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावूं लागली. तरी ती जुनी रीत कांहीं मोडली नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्यांत दर १,००० पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याहि जिल्ह्यांत इतकें प्रमाण नव्हतें. २००१ सालीं १६,९६,७७७ असलेली लोकसंख्या त्या दहा वर्षांत १६,१५,०६९ वर उतरली. येथें मुली अधिक जन्मास येतात असा ह्या आंकड्यांचा अर्थ नाहीं. येथील पुरुष येथें नाहींत, असा आहे.

हें सर्व सांगण्याचें कारण इतकेंच कीं, आजच्या जोडप्यांपुढें जो प्रसंग आहे तो त्यांच्या आजीपुढें कधीं आलाच नव्हता. आज परदेशचा कायदा स्वतःच दोघांचा विचार करूं लागला आहे. कॅनडानें १९६७ सालीं गुणांची पद्धति सुरू केली. माणूस कोणत्या देशाचा वा वंशाचा हें न पाहतां त्याचें वय, शिक्षण, भाषा व कामाचा अनुभव ह्यांस गुण द्यावयाचे, असें तिचें तत्त्व आहे. ऑस्ट्रेलियानेंहि पुढें तीच वाट धरली. २०१५ सालापासून कॅनडांत 'एक्स्प्रेस एंट्री' ही व्यवस्था चालू आहे. तींत उमेदवारांची गुणानुक्रमें यादी लागते, आणि वेळोवेळीं वरच्या उमेदवारांस अर्ज करण्याचें बोलावणें जातें.

आतां ह्या हिशेबाकडे जरा लक्षपूर्वक पहा; कारण बरींच जोडपीं तो न पाहतांच नवऱ्याच्या नांवानें अर्ज भरून मोकळीं होतात. विवाहित उमेदवार जोडीदारासह जाणार असेल, तर मूळच्या ५०० गुणांपैकीं ४६० मुख्य अर्जदाराचे आणि अवघे ४० जोडीदाराचे असतात. त्या ४० मध्यें २० भाषेचे, १० शिक्षणाचे व १० कॅनडांतील अनुभवाचे. समजा, नवरा ३८ वर्षांचा पदवीधर आहे, आणि बायको ३१ वर्षांची बी. एस्‌सी. झालेली परिचारिका आहे. मुख्य अर्जदार नवरा झाल्यास वयाचे ५५ गुण मिळतील. बायको झाल्यास ९०. तिशीनंतर हे गुण दरवर्षीं घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं शून्यावर येतात. पदवीचे गुण दोघांसहि सारखेच, म्हणजे ११२. भाषेचें पाहूं गेल्यास, आय. ई. एल. टी. एस. परीक्षेंत ऐकण्यास ८ आणि वाचणें, लिहिणें व बोलणें ह्यांस प्रत्येकीं ७ मिळविणाऱ्या मुख्य अर्जदारास ११६ गुण पडतात. एक पायरी खालीं राहणाऱ्यास ८८. शिवाय २०२३ सालापासून आरोग्यसेवेसारख्या निवडक व्यवसायांतील उमेदवारांस स्वतंत्र बोलावणींहि जाऊं लागलीं आहेत. एवंच, ह्या घरांत अर्ज बायकोच्या नांवानें जाणें हेंच शहाणपणाचें. दोघेंहि पात्र असतील तर प्रत्येकानें दुसऱ्यास जोडीदार म्हणून दाखवून दोन निरनिराळ्या नोंदी यादींत ठेवण्यासहि हरकत नाहीं.

ऑस्ट्रेलियाचा हिशेब थोडा निराळा आहे. तेथें किमान ६५ गुण लागतात. २५ ते ३२ वर्षांच्या उमेदवारास वयाचे ३० गुण, ४० ते ४४ वर्षांच्या उमेदवारास १५, आणि पंचेचाळीस पुरीं झालीं कीं हा मार्ग बंद. जोडीदार स्वतः कुशल असून त्याच्या व्यवसायाची पारख झालेली असेल व इंग्रजी चांगलें असेल तर १० गुण अधिक. नुसतें इंग्रजी चांगलें असेल तर ५. दोन्ही नसतील तर कांहींच नाहीं. लग्नानंतर शिकलेल्या मुलीनें पुस्तकें माळ्यावर टाकावीं, अशी जी आमच्यांत समजूत आहे तिची किंमत तो दूरचा देश आम्हांस आंकड्यांनीं मोजून दाखवीत आहे!

परंतु हिशेब पटला तरी मन पटत नाहीं. "बायकोच्या जिवावर गेला म्हणून लोक नांवें ठेवतील," हें वाक्य आम्हीं आमच्या कानांनीं ऐकलें आहे. बंधूंनो, मुख्य अर्जदार हा केवळ कायद्याचा शब्द आहे. कुटुंबाचा मालक असा त्याचा अर्थ नव्हे. मचवा समुद्रांत जातो तेव्हां सुकाणू तांडेलाच्या हातीं असतें. मचव्याचा मालक त्यांत बसला असला तरी तो तांडेलाच्या हातून सुकाणू ओढून घेत नाहीं, आणि त्यांत त्याचा कमीपणा आहे असें बंदरावर कोणी म्हणत नाहीं. ज्यास वाट ठाऊक त्यानें न्यावें. इतरांनीं शीड सांभाळावें.

आतां दुसरी बाजूहि ऐका. बायकोचे गुण अधिक म्हणून तिच्या नांवाची शिडी करावयाची, आणि तेथें पोंचल्यावर घरचें सर्व ओझें पूर्ववत् तिच्याच डोक्यावर ठेवावयाचें, हा न्याय नव्हे. परिचारिकेस परदेशीं गेल्याबरोबर काम मिळत नाहीं. कॅनडांत ज्या प्रांतांत काम करावयाचें तेथील नियामक मंडळाकडे तिला नोंदणी करावी लागते, आणि तींत महिने जातात. पुढें रात्रपाळ्या असतात. तेथें मोलकरीण नाहीं, शेजारची काकू नाहीं, सासूबाई नाहींत. तेव्हां नवऱ्यास भाकरी भाजतां येते कीं नाहीं, मुलास आंघोळ घालतां येते कीं नाहीं, हा प्रश्न इंग्रजीच्या परीक्षेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचा अभ्यास रत्नागिरींत असतांनाच झालेला बरा.

तसेंच, जो मागून जातो त्याचें काय? हा प्रश्न मुख्य अर्जदार कोणीहि असो, विचारलाच पाहिजे. अमेरिकेंत एच-वन-बी परवान्यावर गेलेल्यांच्या जोडीदारांस २०१५ सालापर्यंत नोकरी करण्याची मुभाच नव्हती. त्या सालीं जी मिळाली ती देखील ज्यांचा कायम वास्तव्याचा अर्ज कांहीं पायऱ्या पुढें सरकला आहे अशांनाच. कित्येक सुशिक्षित महाराष्ट्रीय स्त्रियांचीं उमेदीचीं वर्षें अशा रीतीनें चार भिंतींत गेलीं. कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथें कायम वास्तव्याच्या परवान्यावर जाणाऱ्या जोडीदारास कायद्यानें काम करतां येतें. पण कायद्याची परवानगी आणि कामाची मिळकत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. येथें ज्यास अभियंता म्हणून मान होता, त्यास तेथें वखारींत खोकीं उचलावीं लागणें असंभवनीय नाहीं. श्रमांत लाज नाहीं. पण पूर्वसूचना नसल्यास त्याच श्रमांतून कडवटपणा उत्पन्न होतो, आणि तो घरांतल्या माणसांवर उतरतो. म्हणून गुणांची बेरीज करण्यापूर्वीं दोघांनीं एकमेकांस एवढें विचारावें: "दोन वर्षांनीं तूं तेथें सकाळीं उठून काय करीत असशील?" ह्याचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्याच्याकरितां अर्जापूर्वींच कांहीं शिक्षण, कांहीं परवाना, निदान भाषेची तयारी करावी.

आतां बरोबर जाण्याविषयीं. सर्व देशांचे नियम येथें सारखे नाहींत, आणि ते बदलत असतात. ब्रिटननें शुश्रूषागृहांत काम करणाऱ्या सेवकांची परदेशांतून मोठी भरती केली. पण ११ मार्च २०२४ पासून नव्यानें अर्ज करणाऱ्या अशा सेवकांस पती, पत्नी वा मुलें बरोबर आणण्याची मनाई झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशांतून नव्या भरतीचा तो मार्गच बंद झाला. आखाती देशांत कुटुंब नेण्याकरितां वेतन ठराविक मर्यादेच्या वर असावें लागतें, आणि वर्षानुवर्षें राबूनहि कायम वस्तीचा हक्क सामान्य कामगारास मिळत नाहीं. जर्मनीकडे आपल्या तरुणांचें लक्ष आतां लागलें आहे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं तेथील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळासंबंधीं करार केला. तेथें जाणाऱ्यानें जर्मन भाषा शिकलीच पाहिजे, आणि मागून येणाऱ्या जोडीदारासहि बहुतेक प्रकारांत प्राथमिक जर्मन येत असल्याचें दाखवावें लागतें. तेव्हां एकानें वर्गास जावें व दुसऱ्यानें दाराशीं वाट पाहावी, असें न करतां दोघांनीं एकाच बांकावर बसावें.

पतिपत्नींनीं एकत्र राहावें, हें त्यांचें कर्तव्य आहे आणि तो त्यांचा हक्कहि आहे, न्याय्य कारण असल्यासच त्यांत सूट आहे, असें धर्मसभेचा कायदा सांगतो. पोटापाण्याची निकड हें न्याय्य कारण होऊं शकतें. अधिक मोठ्या घराची हौस हें होतेंच असें नाहीं. एकानें पुढें जाणें अपरिहार्य असेल तर त्यास मुदत असावी. किती महिने, तें दोघांनीं मिळून ठरवावें व कागदावर लिहून ठेवावें. त्या मुदतींत दुसऱ्याची व्यवस्था न झाल्यास कोण परत येणार, हेंहि लिहावें. मुदत नसलेला विरह म्हणजे आमच्या आजींच्या काळची मनीऑर्डरच. फरक इतकाच कीं, आतां पैसे क्षणांत येतात, आणि नवऱ्याचें अगर बायकोचें तोंड भ्रमणध्वनीच्या कांचेवर दिसतें. बापाचें बोट धरून शाळेंत जाण्याची हौस असलेल्या मुलास त्या कांचेचा काय उपयोग?

ह्यापुढील गोष्ट आमच्या कचेरीशीं निगडित आहे, म्हणून ती आम्ही स्पष्टपणें बोलणार आहों. गुण वाढविण्यासाठीं सत्य वांकविण्याचा मोह फार आहे. अविवाहित उमेदवारास स्वतःच्या नांवावर अधिक गुण मिळतात, म्हणून विवाह लपवावा. अगर जोडीदाराच्या गुणांचा लाभ व्हावा म्हणून विवाहाची तारीख मागें न्यावी. अगर मूल मागाहून आणूं म्हणून अर्जांतून गाळावें. असे सल्ले देणारे दलाल आहेत. कॅनडाच्या कायद्यांत खोटी माहिती देणाऱ्यास पांच वर्षें प्रवेशबंदी आहे. अर्जांत न दाखविलेल्या पतीस, पत्नीस वा अपत्यास पुढें कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग सामान्यतः कायमचा बंद होतो. म्हणजे चार गुणांसाठीं ज्यास कागदावर नाहींसें केलें, तो खरोखरच आयुष्यांतून नाहींसा होण्याची पाळी येते. जोडीदार बरोबर येणार नाहीं असें दाखवून एकट्याच्या गुणांनीं अर्ज करण्याची मुभा कायद्यांत आहे. तीहि ज्यांचा बेत खरोखर तसाच असेल त्यांच्याकरितां आहे. तशा जोडीदाराचें नांव अर्जांत द्यावेंच लागतें व त्याची वैद्यकीय तपासणीहि व्हावी लागते. मनांत दोघांनीं जाण्याचें असून कागदावर एकटें जाणें, ह्यास खोटें म्हणतात. आणि तपासणारे अधिकारी तें ओळखण्यांत निष्णात असतात.

विवाहाच्या वहींतील नोंद ही धर्मगुरूची खासगी मालमत्ता नव्हे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणें तिला सरकारदरबारीं किंमत आहे, आणि वेदीपुढें दोन साक्षीदारांच्या देखत जें घडलें त्याची ती साक्ष आहे. तिच्यांतील तारीख मागें किंवा पुढें सरकवावी, अशी विनंती कोणत्याहि धर्मगुरूस कोणीं करूं नये. नांवाच्या लेखनांतील चूक योग्य पुरावे दाखविल्यास रीतसर दुरुस्त करतां येते, आणि ती वेळीं करून घ्यावी. आमच्या लोकांचा नांवांचा घोळ प्रसिद्धच आहे. स्नानसंस्काराच्या वहींत एक नांव, शाळेच्या दाखल्यावर दुसरें, लग्नानंतर आधार कार्डावर तिसरें, आणि आडनांवाचें इंग्रजी लेखन बापाचें एक व लेकाचें दुसरें! अर्ज करण्यापूर्वीं दोघांनीं सर्व कागद टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. विद्यापीठाच्या गुणपत्रिका व शिक्षणाची परदेशी पारख ह्यांस वेळ लागतो, आणि इंग्रजी परीक्षेचा निकाल दोन वर्षांनीं शिळा होतो. म्हणून कामांचा क्रम आधीं ठरवावा.

दलालांविषयीं एक शब्द. परदेशीं नोकरी लावून देणाऱ्यास १९८३ च्या कायद्याखालीं भारत सरकारची नोंदणी लागते, आणि कामगाराकडून त्यानें घ्यावयाच्या शुल्कास ३०,००० रुपये व वर कर अशी मर्यादा आहे. कॅनडाच्या वास्तव्याच्या अर्जांत पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकिलांस व परवानाधारक सल्लागारांसच असतो. त्यांचीं नांवें उघड्या यादींत तपासतां येतात. "साहेब आमच्या ओळखीचे आहेत" असें जो सांगतो त्यास नमस्कार करून उठावें. गुणांच्या पद्धतींत ओळखीस गुण नाहींत. कलमांची बाग गहाण टाकून किंवा आईच्या बांगड्या मोडून बनावट नोकरीपत्र विकत घेणाऱ्या घरांत पैसा तर जातोच, पण पुढें खऱ्या अर्जाचीहि वाट बंद होते.

आईबापांस विसरून चालणार नाहीं. पतिपत्नींनीं आपसांत सर्व ठरवून विमानाचें तिकीट दाखवितांना म्हाताऱ्यांस सांगावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. मुलास व सुनेस गुणांनीं बोलावणारे देश आईबापांस तसे बोलावीत नाहींत. त्यांच्याकरितां असलेला मार्ग अरुंद आहे व जागा मोजक्या असतात. म्हणून औषधपाणी कोण पाहील, घराची किल्ली कोणाकडे राहील, बागेचा हिशेब कोण ठेवील, आणि जो भाऊ वा बहीण मागें राहते तिच्या श्रमांची भरपाई कशी होईल, हें जाण्यापूर्वीं सर्वांदेखत ठरवावें. मागें राहणाऱ्या बहिणीवर सर्व भार टाकून "आम्ही पैसे पाठवितों" एवढेंच म्हणणें, ही आमच्या कोंकणांतील जुनी सवय आहे. ती मोडण्याची वेळ आली आहे.

आणि हा सर्व विचार करून एखादें जोडपें "आम्ही जात नाहीं" असें म्हणेल, तर त्यास कोणीं भित्रें म्हणूं नये. अर्ज न करणें हाहि विचारपूर्वक घेतलेला निर्णय असूं शकतो. तसेंच, अर्ज नाकारला गेला तर त्यावरून माणसाची किंमत ठरत नाहीं. कोणत्याहि गुणपत्रकांत आजाऱ्याची रात्रभर शुश्रूषा करणाऱ्या मुलीस, अगर शब्द पाळणाऱ्या नवऱ्यास गुण दिलेले नाहींत. परंतु संसार चालतो तो त्यांवरच.

१९५२ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं स्थलांतरितांविषयीं एक महत्त्वाचें पत्र काढलें. त्याच्या आरंभींच मिसर देशांत आश्रयास गेलेल्या नाझरेथच्या कुटुंबाचा उल्लेख आहे. त्या प्रवासांत योसेफानें मरियेस व बाळास मागें ठेवलें नाहीं. रात्रींच उठून तो त्यांस बरोबर घेऊन निघाला. प्रत्येकास तसें करतां येईल असें नाहीं. पण निघण्यापूर्वीं एका दिव्याच्या उजेडांत दोघांनीं समोरासमोर बसावें, अर्ज दोघांनींहि वाचावा, आणि जें दोघांसहि खरें वाटतें त्याच्याखालींच सही करावी, इतकें तर प्रत्येकास करतां येईल. दाखला मागावयास कचेरींत याल तेव्हां दोघें मिळून या. आम्ही वही उघडून देऊं, आणि तुम्हांस वेळ असेल तर हिशेबासहि बसूं.

परमेश्वर जाणाऱ्यांस सांभाळो, आणि राहणाऱ्यांसहि.